मिश्र वयाचा, मिश्र बोलीचा बालवर्ग दर चौथ्या रविवारी का विस्कटतो?

पहिला रविवार झकास जातो. दुसराही. तिसऱ्याला दोन मोठी पोरं "ताई, आज मॅच आहे" म्हणून गायब. चौथ्या रविवारी ओट्यावर सगळी पाच-सहा वर्षांची चिल्लीपिल्ली उरतात. त्यातली निम्मी माझ्या तोंडाकडे नुसती बघत बसलेली, निम्मी रंगखडूंवरून भांडणारी. मग पुन्हा घरोघर फिरायचं, पुन्हा पोरं गोळा करायची आणि पुन्हा पहिल्या पाठापासून सुरुवात करायची. नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याच्या कडेला असलेल्या आमच्या वस्तीतल्या बहाई बालवर्गाचं, म्हणजे बहाई धर्माच्या शिकवणीतून मुलांना चांगले गुण शिकवणाऱ्या वर्गाचं, हे चक्र दीड वर्षात पाच वेळा फिरलं. सहाव्यांदा फिरायच्या आधी काय चुकतंय ते सापडलं, म्हणून हे लिहिते आहे. ज्यांच्याकडे एकाच वयाची, एकाच बोलीची दहा पोरं शहाण्यासारखी मांडी घालून बसतात, त्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल.

आमचा वर्ग कसा आहे ते आधी सांगते. सोळा पोरं, वय पाच ते बारा. घरात बोलायच्या बोली चार. अहिराणी सगळ्यात जास्त. त्याखालोखाल पावरा आदिवासींची पावरी, म्हणजे धडगावकडून मजुरीसाठी खाली उतरलेली कुटुंबं. तीन पोरं गुजर समाजाची गुजरी बोलणारी आणि दोन भावंडं घरी हिंदी-उर्दू बोलणारी. शिकवणारी मी एकटी, जोडीला कॉलेजात जाणारा भाचा, तोही परीक्षा नसली तर. मी शिकवायची मराठीत. हे लिहिताना लख्ख दिसतं, तेव्हा दिसत नव्हतं: वर्गाची भाषा जी मराठी, ती सोळांपैकी एकाच्याही घरची नव्हती. माझ्याही नव्हती. मी आईशी अजून अहिराणीतच भांडते.

पाठ बहाई अभ्यासक्रम तयार करणाऱ्या रूही संस्थेच्या तिसऱ्या पुस्तकातले, पहिल्या इयत्तेचे. एकूण 24. प्रत्येक पाठात एक गुण घेतलेला असतो: निर्मळ मन, न्याय, प्रेम, सत्य, औदार्य असं करत करत पुढे. प्रार्थना, गाणं, पाठ करायचं एक वचन, मग गोष्ट, खेळ आणि शेवटी रंगवायचं चित्र. ही इयत्ता पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी. पुढच्या वयाला पुढच्या इयत्ता, आणि बारा ते पंधराच्या पोरांसाठी किशोर गट वेगळाच, तिथे बालवर्गासारखं शिकवणं नसतं. कागदावर सगळं नीट आहे. वस्तीत मात्र पाच वर्षांचा आणि अकरा वर्षांची एकाच सतरंजीवर येऊन बसतात, कारण तो तिचा भाऊ असतो आणि आई कापूस वेचायला गेलेली असते.

आधी काय काय करून पाहिलं

शिस्त लावून पाहिली. हाताची घडी, तोंडावर बोट. दोन रविवार टिकली.

खाऊ ठेवून पाहिला. बिस्किटाच्या पुड्याने हजेरी दुप्पट झाली आणि प्रार्थना चालू असताना सगळ्यांच्या नजरा माझ्या पिशवीवर. हा उपाय करूच नका. एकदा लागलेली सवय मोडायला आम्हाला तीन महिने गेले, आणि एका आजीने "आज पुडा नाही का?" असं मलाच विचारलं.

वयाप्रमाणे दोन दिवस केले, लहानांना शनिवार आणि मोठ्यांना रविवार. मोठी पोरगी येणार म्हणजे कडेवर भावंडं घेऊनच येणार, हे मी विसरले होते. दोन्ही दिवस तीच गर्दी आणि माझे मात्र दोन दिवस गेले.

चौथा उपाय सांगायची लाज वाटते, पण सांगते. बोलीप्रमाणे बसवून पाहिलं. या सतरंजीवर अहिराणीवाले, त्या ताडपत्रीवर पावरीवाले, गुजरी बोलणारी तिघं ओट्याच्या पायरीवर. मनात हेतू चांगला होता. बसवून झाल्यावर मी मागे सरून पाहिलं आणि पोटात गोळाच आला. कोण कुणाच्या शेजारी बसत नाही हा गावचा जुना नकाशा मी स्वतःच्या हाताने अंगणात काढून ठेवला होता, आणि तोही माणूसजात एक आहे हे शिकवायच्या वर्गात. त्याच दिवशी तो मोडला. शिकवायला सोयीचं वाटलं तरी बोलीप्रमाणे कायमचे गट पाडू नका.

पाचवा उपाय दुभाष्याचा. तो इतका छान चालला, की तोच आजार आहे हे कळायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

वहीत काय सापडलं

भाच्याला मी एकच काम दिलं. शिकवण्यात मदत करू नकोस, कोण कितव्या मिनिटाला उठतं किंवा चुळबुळ करतं तेवढं लिही. तीन रविवारांची पानं शेजारी ठेवली तेव्हा दोन गोष्टी डोळ्यांत भरल्या. गोंधळ कुठेही होत नव्हता, तो दर वेळी पंचविसाव्या मिनिटाच्या आसपास, वचन पाठ करायला घेतलं की सुरू व्हायचा. प्रार्थनेत नाही, गाण्यात नाही, खेळात तर नाहीच. दुसरी गोष्ट अशी, की लहान आणि मोठे दोघंही तिथेच उठत होते, पण कारणं उलटी होती. लहानांना काही कळत नव्हतं. मोठ्यांना सगळं आधीच पाठ होतं, काहींना तर तिसऱ्यांदा.

लहानांचं काय होत होतं त्याचा एक नमुना. पहिल्या पाठातलं वचन बहाई धर्माचे संस्थापक बहाउल्लाह यांचं आहे. माझा पहिला सल्ला हा, की शुद्ध, दयाळू आणि तेजोमय हृदय बाळग, असा त्याचा अर्थ. सहा वर्षांचा एक पावरी पोरगा ते घडाघडा म्हणायला लागला. मी खूश. तीन आठवड्यांनी त्याला सहज विचारलं, "तेजोमय म्हणजे काय रे?" तो म्हणाला, "देवी." मी पुन्हा नीट ऐकलं, तर तो "तेजोमाय" म्हणत होता. देवमोगरा माय असते, तशी ही तेजोमाय. त्याच्या हिशेबाने चूक काहीच नव्हती. आपल्या ओळखीच्या जगात त्या शब्दाला त्याने जागा करून दिली होती. चूक माझी. शब्द तोंडात दिला आणि अर्थ घरी पोचला का ते पाहिलं नाही.

मोठ्यांचं दुखणं मला त्या दुभाष्या मुलीमुळे कळलं. ती अकरा वर्षांची. पावरी घरची, मराठी शाळेत शिकलेली, अहिराणी गल्लीत खेळून आलेली. मी एक वाक्य बोलायची, ती ते पावरीत सांगायची. मी दुसरं बोलायची, ती दुसरं सांगायची. वर्ग बघायला आलेल्या पाहुण्यांनी तिचं कौतुक केलं. मी तर सगळीकडे तिचंच उदाहरण द्यायचे. एका रविवारी ती आली नाही, पुढच्याही नाही. तिच्या पाठोपाठ पावरी बोलणारी बाकीची पोरंही यायची थांबली. मी घरी गेले. आई भाकरी थापत होती, तव्यावरची नजर न काढता म्हणाली, "घरी पोरं सांभाळते, तिथं पण पोरं सांभाळते. मग तिथं कशाला जाते?"

मला उत्तर देता आलं नाही. ती मुलगी सहा महिने वर्गाला येत होती आणि एकही पाठ तिच्यासाठी झाला नव्हता. प्रत्येक वाक्य तिच्यातून आरपार जात होतं, थांबत कुठेच नव्हतं.

म्हणजे दोष मिश्र वयाचा नव्हता आणि मिश्र बोलीचाही नव्हता. सगळ्यांनी एकाच वेळी, एकाच भाषेत, एकच काम करावं असा मी धरलेला हट्ट हा खरा बिघाड. त्या हट्टाची किंमत वर्गात जो सगळ्यात समजूतदार असेल त्याच्याकडून मी वसूल करत होते.

काय बदललं

सगळ्यात मोठा बदल: वाक्यागणिक भाषांतर बंद. त्याऐवजी गोष्ट दोनदा सांगायची, दोन बोलींत, दोन वेगळ्या माणसांनी. भाषांतर करणारा दुसऱ्याच्या वाक्याला बांधलेला असतो. गोष्ट सांगणाऱ्याची गोष्ट त्याची स्वतःची असते, आणि त्यासाठी ती आधी त्याला मिळालेली असावी लागते. म्हणून नऊ वर्षांवरची पाच जणं आता अर्धा तास आधी येतात. त्यांचा पाठ वेगळा, त्यांच्या वयाचा. त्यात लहानांना टाकायचं काम नसतं. पाठ झाल्यावर शेवटची दहा मिनिटं त्या दिवशीची लहानांची गोष्ट आम्ही बोलून घेतो, आणि आज कोण कोणत्या बोलीत सांगणार ते ठरतं. पाळी बदलते. सलग दोन रविवार एकाच पोराला काम नाही, हा नियम मी भिंतीवर लिहून ठेवला आहे. पोरांसाठी नाही, माझ्यासाठी. चांगलं काम करणाऱ्या पोरावर आपण नकळत सगळं लादतो.

दुसरा बदल क्रमाचा. पुस्तकात वचन आधी येतं, गोष्ट नंतर. आम्ही गोष्ट आधी घेतो. औदार्याच्या पाठाला आम्ही अब्दुल-बहांच्या लहानपणची गोष्ट सांगतो. ते लहान असताना वडिलांच्या, म्हणजे बहाउल्लाहांच्या, मेंढ्या बघायला डोंगरात गेले. दिवस मजेत गेला, जेवणं झाली. निघताना कळलं, की मेंढपाळांना मालकाकडून काही भेट मिळायची रीत आहे. पोराजवळ काहीच नव्हतं. मग त्याने त्याच कळपातल्या मेंढ्या मेंढपाळांना देऊन टाकल्या. हे ऐकून बहाउल्लाहांना हसू आलं. ते म्हणाले, याला याच्यापासूनच जपायला हवं, एक दिवस हा स्वतःलाही देऊन टाकेल.

ही गोष्ट इराणातली, पण आमच्या पोरांना तिच्यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. पीक निघालं की ठेलारी मेंढपाळ कळप घेऊन येतात, रात्री शेतात मेंढ्या बसवतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. मेंढी म्हणजे किती पैसे हेही त्यांना माहीत. मी मराठीत सांगत होते तेव्हा ही गोष्ट गुपचूप ऐकली जायची. दहा वर्षांच्या एका पोराने ती अहिराणीत सांगितली तेव्हा मधूनच एक चिमुरडी ओरडली, "बठ्ठ्या दी टाक्यात?" म्हणजे सगळ्याच देऊन टाकल्या? आणि लगेच दुसरा, "मंग त्याना बाप काय बोलना?" असा प्रश्न माझ्या मराठीला दीड वर्षात कुणी विचारला नव्हता. तीच गोष्ट मग पावरीत झाली. अहिराणी पोरांना वाटलेलं, आता कंटाळा येणार. उलट त्यांनी त्याचा खेळच केला, आता मेंढ्या दिल्या, आता बाप हसला, असं ओळखत बसली. मेंढीला पावरीत काय म्हणतात ते आता माझ्या भाच्यालाही माहीत आहे.

गोष्ट दोनदा ऐकून झाली की वचनाचा अर्थ आधीच अंगणात आलेला असतो. मग शब्द पाठ करायला सात-आठ मिनिटं पुरतात. तेवढ्यासाठी तीन टोळकी करतो. वयाची नाहीत, बोलीचीही नाहीत, नुसती ज्याला जो शेजारी बसला तो. प्रत्येक टोळक्यात निदान एक वाचणारं पोर असतं. चार-पाच शब्दांचे तुकडे करून म्हणायचं. पाच वर्षांच्या मुलाला पहिला तुकडा आला तरी त्याचं त्या दिवसाचं काम झालं. मोठ्यांना पूर्ण वचन, शिवाय त्याच्या उलट वागल्याचा या आठवड्यातला एक प्रसंग सांगायचा, स्वतःचा, दुसऱ्याचा नाही. इथे भांडणं होतात. होऊ द्यावीत.

पाठ कोणत्या भाषेत करायचं?

यावर आमच्यात बराच वाद झाला. एक मत असं, की वचन मराठीतच हवं, शुद्ध हवं, त्यात मोडतोड नको. वचनाचा आदर मलाही आहे, छापलेला मजकूर मी मनाने बदलत नाही. पण "देवा, मला वाट दाखव, माझं रक्षण कर, मला उजळता दिवा आणि चमकता तारा कर" ही लहान मुलांची प्रार्थना अब्दुल-बहांनी मुळात फारसीत लिहिली. आपण मराठीत म्हणतो तेही भाषांतरच. सगळ्या जगाला जोडणारी एक भाषा असावी हे बहाउल्लाहांनी सांगितलं, पण ते स्वतःच्या भाषेच्या जोडीला, तिच्या जागी नाही. तेव्हा आमचा तोडगा असा: पाठ मराठीत, ज्यांचं हिंदी पक्कं त्यांनी छापील हिंदीत, आणि अर्थ ज्याने त्याने आपल्या बोलीत सांगायचा. अर्थ बोलीत सांगता आला नाही तर पाठ झालं असं धरायचं नाही. "तेजोमाय" पुन्हा होऊ नये म्हणून एवढी एक चाळणी पुरते.

अहिराणीबद्दल एक वेगळी अडचण आहे, ती पावरीला नाही. अहिराणी पोरं मी दिसले की बोली बदलतात. आया घरून बजावून पाठवतात, "ताईसमोर शुद्ध बोलजो." मलाही शाळेत असंच बजावलं होतं. बहिणाबाई चौधरी (1880–1951) लिहायला-वाचायला शिकल्या नव्हत्या, त्यांच्या कविता लेवा बोलीतल्या, आणि त्या शाळेच्या पुस्तकात आहेत. त्याच खान्देशात पोरांना बोलीची लाज कशी वाटते, हे कोडं मला सुटलेलं नाही. त्यावर इलाज मात्र सोपा निघाला. मीच वर्गाची सुरुवात अहिराणीत करायला लागले. पहिल्या दिवशी पोरं फिदीफिदी हसली, दुसऱ्या दिवशी बोलायला लागली.

बारीकसारीक बिघाड

मोठी पोरं दिवाळीत आणि उन्हाळ्यात अचानक वाढतात, एरवी नसतात. कारण ती आश्रमशाळेत राहतात, सुट्टीपुरती घरी येतात. त्यांना चालू वर्गात कोंबू नका. सुट्टीपुरता त्यांचा वेगळा छोटा कार्यक्रम करा, तीन-चार बैठकांत संपणारा. आणि ती परत जाताना रंगवायची पानं बरोबर द्या.

दिवाळीनंतर पावरी पोरं दिसेनाशी होतात. ऊसतोडीला घरंच्या घरं गुजरातेत जातात. पहिल्या वर्षी मला वाटलं आपलंच काही चुकलं. होळीच्या सुमाराला आदिवासींचा भोंगऱ्या बाजार भरतो तेव्हा बरीचशी परत येतात. तोवर पाठ पुढे नेत राहिलं तर परतलेली पोरं कायमची मागे राहतात. म्हणून त्या काळात आम्ही नवे पाठ न घेता झालेलेच पाठ खेळ आणि नाटुकल्यांतून पुन्हा घेतो.

तीन वर्षांखालचं भावंड सोबत आलं तर त्याला परत पाठवू नका, ताईही जाईल. एक आजी शोधा. आमच्याकडची आजी ओट्याच्या कोपऱ्यात पाटीभर शेंगा घेऊन बसते, तान्ही पोरं तिच्याभोवती शेंगा मोजतात आणि कधी खातात.

खेळ असा निवडा की ज्याचे नियम सांगायला भाषा लागत नाही. "मामाचं पत्र हरवलं" सगळ्यांना येतं. लंगडीत वयाचा फरक फार पडतो, मोठे जिंकतच राहतात. मोठ्याने लहानाचा हात धरून एकत्र लंगडी घालायची असं केलं की हिशेब बरोबर बसतो.

रंगखडूंवरून मारामारी होते कारण प्रत्येकाला लाल हवा असतो. लाल जास्त आणा. याहून खोल कारण मला सापडलं नाही.

आणि पालक विचारतात, "धर्म बदलायला लावणार का?" या प्रश्नाचा राग मानू नये, तो रास्त आहे. वर्ग बहाई आहे हे पहिल्याच घरभेटीत, पहिल्याच पाच मिनिटांत सांगून टाका. कोणत्याही घरचं मूल येऊ शकतं आणि आपल्या घरच्या धर्मातच राहू शकतं, हेही सांगा. पाठाचं पुस्तक त्यांच्या हातात द्या, वाचता येत नसेल तर एक पाठ वाचून दाखवा. आणि वर्ग अंगणात घ्या, दार लावून खोलीत नाही. जाता-येता कुणीही थांबून ऐकू शकतं, त्यामुळे आमच्याकडे हा प्रश्न आपोआप कमी झाला.

अजून न सुटलेलं

गुजरी बोलणारी पोरं तिघंच, त्यांच्यात मोठं कुणी नाही. त्यांच्या बोलीत गोष्ट सांगणारं कुणी मिळालेलं नाही. सध्या त्यांच्यातल्या एकाची काकू महिन्यातून एकदा येते, ती आली की गोष्ट तिसऱ्यांदा होते.

ती दुभाषी मुलगी परत आली. लगेच नाही, दोन महिन्यांनी, आणि मी बोलावलं म्हणून नाही, तर मोठ्यांसाठी आता वेगळा वर्ग असतो हे तिला मैत्रिणीकडून कळलं म्हणून. पहिल्या दिवशी मी तिला मुद्दाम काहीच काम दिलं नाही. ती मागच्या रांगेत बसली. पावरीत गोष्ट सांगायची पाळी त्या दिवशी एका नऊ वर्षांच्या पोराची होती, तो मध्येच अडकला आणि त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली आणि म्हणाली, "तूच सांग."